करवंटीच्या कार्बनमध्ये ४.३ टक्के हायड्रोजन? आधी रिकामा सेल मोजा

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. नारळाच्या करवंटीचा कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सक्रिय केला, त्यावर ५ टक्के पॅलेडियमचे नॅनोकण बसवले. बीईटी पृष्ठफळ (नायट्रोजन चिकटवून मोजलेलं, छिद्रांच्या भिंतींसकटचं क्षेत्रफळ) १,८०० चौरस मीटर प्रति ग्रॅम आलं. प्रयोगशाळेतच जुळवलेल्या सीव्हर्ट्स यंत्रावर (दाब किती उतरला त्यावरून वायू किती शोषला गेला ते काढणारं यंत्र), २५ अंशांना, २०० मिलिग्रॅम सॅम्पल घेऊन हायड्रोजन सोडला. मॅनिफोल्ड (वायू आधी भरायची जागा) २० मिलिलिटर, सेल (सॅम्पलची बंद कुपी) १० मिलिलिटर. व्हॉल्व्ह उघडण्याआधी दाब १५५.३ बार, उघडल्यावर १००.० बार. एक्सेलमध्ये हिशेब केला तर वजनाच्या ४.३ टक्के हायड्रोजन शोषला गेला असं दिसतं. रात्रभर ठेवलं तर आणखी ०.८ बार उतरतो आणि आकडा ५ च्या वर जातो. सर म्हणतात पेपर लिहा, तुम्हाला शंका येते. आणि शेवटचा प्रश्न, हे मटेरियल गाडीच्या टाकीसाठी पुढे न्यावं का.

शंका रास्त आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हिशेब केला तर खरं अधिशोषण (पृष्ठभागावर वायू चिकटून राहणं) ०.३ टक्क्यांच्या आसपास निघतं आणि बाकीचे ४ टक्के एक्सेलच्या सूत्रातून आलेत. हे मी छातीठोकपणे म्हणतोय, पण दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत: गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो की निरपेक्ष, आणि सेलचे १० मिलिलिटर सॅम्पल घालून हेलियमने मोजलेत की रिकाम्या सेलचे आहेत. त्यांवर दशांशानंतरचे आकडे अवलंबून आहेत. ४ टक्क्यांचा निकाल मात्र त्याने बदलणार नाही.

आधी सूत्र. सीव्हर्ट्स पद्धतीत आपण हायड्रोजन कुठे गेला ते थेट बघत नाही. मॅनिफोल्डमध्ये किती होता ते काढतो, व्हॉल्व्ह उघडल्यावर वायूरूपात किती उरला ते काढतो, आणि वजाबाकी सॅम्पलच्या नावावर टाकतो. तुमच्या एक्सेलमध्ये दोन्ही जागी आदर्श वायूचं समीकरण आहे असं दिसतं. करून बघा: आदर्श हिशेबाने २५ अंशांना हायड्रोजनची घनता दर बारला ०.०८१३ ग्रॅम प्रति लिटर. म्हणजे आधी १५५.३ बारला २० मिलिलिटरमध्ये २५२.६ मिलिग्रॅम, नंतर १०० बारला ३० मिलिलिटरमध्ये २४४.० मिलिग्रॅम. फरक ८.६ मिलिग्रॅम, भागिले २०० मिलिग्रॅम, बरोबर ४.३ टक्के. हा तुमचाच आकडा.

पण या दाबाला हायड्रोजन आदर्श राहत नाही. तो आदर्श वायूपेक्षा कमी दाबला जातो आणि दाब वाढेल तसा हा फरक वाढतो. हा फरक दाखवणारा झेड फॅक्टर (आदर्श वायूसाठी तो १ असतो) १०० बारला १.०६० आहे, १५५ बारला १.०९४. मॅनिफोल्डचा आकडा १.०९४ ने भागा, तो २३०.९ होतो. उरलेला १.०६० ने भागा, २३०.२ होतो. फरक जेमतेम ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ टक्क्यांच्या थोडं वर. रिकाम्या सेलमध्ये हायड्रोजन सोडला असता तरी तुमच्या एक्सेलने त्याला जवळजवळ ४ टक्के शोषण दाखवलं असतं.

झेडची किंमत प्रत्येक दाबाला वेगळी घ्यावी लागते. १.०६ हा एकच आकडा सगळीकडे लावून भागत नाही, कारण चूक मुळात दोन दाबांच्या झेडमधल्या फरकामुळेच होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या संकेतस्थळावर हायड्रोजनच्या घनतेची सारणी फुकट मिळते. तुमच्या खोलीच्या तापमानाला ० ते २०० बारची सारणी उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये दाबावरून थेट घनता काढा, म्हणजे झेड वेगळा लिहायलाही नको. हेलियमलाही हेच लागू आहे. त्याचा झेड २५ अंशांना १०० बारला १.०५ च्या जवळ असतो. म्हणून एक सोपी चाचणी सुचवतो: हेलियम भरा आणि हाच एक्सेल चालवा. खोलीच्या तापमानाला कार्बन हेलियम जवळजवळ धरतच नाही. तुमचा एक्सेल हेलियमचंही दोन-तीन टक्के ‘शोषण’ हायड्रोजनच्या वजनात दाखवू लागला, तर दोष कुठे आहे हे सरांनाही लगेच पटेल.

आता ०.३ टक्के हा आकडा तरी विश्वासाचा आहे का? सध्याच्या जुळणीवर नाही. ०.७ मिलिग्रॅम हायड्रोजन शोषला गेल्याने तुमच्या यंत्रात दाब उतरतो तो ०.३ बार. २०० बारच्या ट्रान्सड्यूसरची (दाब मोजणाऱ्या सेन्सरची) अचूकता पूर्ण मापाच्या ०.१ टक्का असेल तर चूक ०.२ बार, तीही दोन्ही वाचनांत. शेवटच्या वाचनातले ०.२ बार म्हणजे ०.२ टक्के वजन, पहिल्यातले म्हणजे आणखी ०.१४. ऊसगाडी काट्यावर घालून, मग रिकामी गाडी घालून, दोन्हींच्या फरकातून ड्रायव्हरच्या डब्याचं वजन काढण्यासारखं हे आहे.

गेजचा मुद्दा याच्याही पुढचा. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवत असेल आणि तुम्ही तो निरपेक्ष म्हणून घेतला असेल, तर दोन्ही दाबांत १.०१३ बार मिळवावे लागतील. आधीच्या २० मिलिलिटरमध्ये त्याने जेवढा वायू वाढतो त्यापेक्षा नंतरच्या ३० मध्ये जास्त वाढतो, आणि वजाबाकी ०.८ मिलिग्रॅमने घटते. म्हणजे ०.४ टक्के गेले. तुमचं सगळं खरं अधिशोषण या एका बारमध्ये बुडून उत्तर उणे येईल! ट्रान्सड्यूसरच्या पाटीवर शेवटी ए (ॲब्सोल्यूट, म्हणजे निरपेक्ष) आहे की जी (गेज, म्हणजे वातावरणाच्या वरचा), ते आजच बघा.

तापमानाचंही तसंच. ३० मिलिलिटरमधला २३० मिलिग्रॅम वायू १ अंशाने थंड झाला तर दाब ०.३४ बारने उतरतो, आणि एक्सेल त्याला ०.३९ टक्के शोषण समजतो. सीव्हर्ट्स यंत्रासाठी हवेची पेटी हवी, निदान मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह आणि सेलचा गळा पाण्याच्या जाकिटात हवा, तापमान ०.१ अंशात स्थिर. थर्मोकपल सेलच्या बाहेर चिकटवून भागत नाही, त्यापेक्षा आतपर्यंत जाणारा पीटी-१०० (प्लॅटिनमच्या तारेचा तापमापक) घ्या. व्हॉल्व्ह उघडताच सेलमधला वायू दाबला जाऊन गरम होतो आणि मॅनिफोल्डमधला थंड होतो. तो गोंधळ शांत व्हायला दहा ते वीस मिनिटं द्या. पहिल्या मिनिटातल्या दाबाच्या उताराला ‘वेगवान शोषण’ म्हणून आलेख काढलेले पेपर कमी नाहीत. त्यातला बराचसा उतार फक्त वायू गार होण्याचा असतो.

रात्रभरात ०.८ बार उतरण्याबद्दल. कार्बनच्या छिद्रांत हायड्रोजन रेणूच्या रूपात, हलक्या आकर्षणाने चिकटतो. तिथे समतोल मिनिटांत येतो, तासांत नाही. त्यामुळे रात्रभर चालणारा उतार हा बहुधा लीक आहे, नाहीतर रात्री खोली अडीच अंशांनी गार होणं आहे. दोन्ही ओळखायला सोपे आहेत. सकाळी खोली पुन्हा तापल्यावर दाब परत चढला तर तापमान. चढला नाही, रेघ सरळ आहे आणि ५० बारला उताराचा वेग जवळपास निम्मा होतो, तर लीक. दर तासाला ०.०८ बार हा लीक साबणाच्या पाण्यात सापडेलच असं नाही, हँडहेल्ड हायड्रोजन डिटेक्टर घेतलेला बरा. सांध्यांमध्ये आधी बघायच्या जागा: टेफ्लॉन टेप गुंडाळलेले आटे, दुसऱ्यांदा वापरलेली धातूची गॅस्केट (ती एकदाच वापरायची असते), आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं पॅकिंग. रबरी ओ-रिंग असेल तर हायड्रोजन तिच्यातूनही झिरपतो. सेलचा सांधा सतत उघडावा लागतो, म्हणून तो धातूच्या गॅस्केटचा किंवा कोन-थ्रेडचा असलेला बरा.

सेलच्या रिकाम्या जागेच्या हिशेबात चूक कुठल्याही दिशेने जाऊ शकते. २०० मिलिग्रॅम कार्बनचा सांगाडा साधारण २ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घनतेचा, म्हणजे ०.१ मिलिलिटर. तो वजा करायला विसरलात तर अधिशोषण ०.४ टक्क्याने कमी दिसेल. पण कोणी ठोकून बसवलेल्या पावडरची घनता, म्हणजे ०.४, वापरून ०.५ मिलिलिटर वजा केले, तर १.५ टक्के फुकटचे वाढतील. ही दुसरी चूक जास्त होते, कारण ती हवं ते उत्तर देते. उपाय एकच: सॅम्पल घालून, ते डीगॅस करून (तापवून, व्हॅक्यूम लावून आतला वायू आणि ओल काढून), त्याच तापमानाला हेलियमने रिकामी जागा मोजा, निदान पाच वेळा, आणि त्या पाचांमधला फरकही लिहून ठेवा.

वजन कधी केलंत हेही महत्त्वाचं. सक्रिय कार्बन हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात उघड्या बाटलीतल्या नमुन्यात वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज असतं. सेलमध्येच २०० ते २५० अंशांना व्हॅक्यूमखाली रात्रभर डीगॅस करा, व्हॅक्यूम १०⁻³ मिलिबार किंवा त्याहून चांगला. मग सेल व्हॉल्व्हसकट बंद करून वजन करा आणि भागाकारात तेच वजन घ्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रिय केलेल्या कार्बनमध्ये धुणं अपुरं राहिलं तर पोटॅशियमचे क्षार उरतात आणि ते आणखी पाणी धरतात. आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, मग गरम पाणी, धुवणाचं पाणी उदासीन होऊन त्यातला क्लोराइड संपेपर्यंत. हवेत जाळून राख मोजा. शुद्ध कार्बनची राख एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर पुन्हा धुवा. पॅलेडियम बसवलेल्या नमुन्यावर ही चाचणी करू नका, कारण राखेत ऑक्साइडच येईल.

पॅलेडियमकडे येतो. पॅलेडियम हायड्रोजन पितो हे खरं. खोलीच्या तापमानाला दर अणूमागे सुमारे ०.६ हायड्रोजन अणू, तेही एका बारपेक्षा खूप कमी दाबाला. पण वजनात तो पॅलेडियमच्या ०.६ टक्क्याहून कमी भरतो. तुमच्याकडे ५ टक्के पॅलेडियम, म्हणजे पूर्ण नमुन्याच्या ०.०३ टक्के. तुमच्या यंत्रावर हे दिसणारही नाही. उलट पहिल्या चक्रात एक खोटा फायदा मिळतो: नॅनोकणांवरचा ऑक्साइड हायड्रोजनने क्षपण होऊन पाणी बनतो. सगळं पॅलेडियम ऑक्साइडच्या रूपात असेल तर त्यात सुमारे ०.१ टक्का हायड्रोजन खर्च होतो. तो पुन्हा मिळत नाही. शिवाय कार्बनच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गट पॅलेडियमच्या साहाय्याने हळूहळू हायड्रोजन खातात, तोही वापसी नसलेला खर्च. म्हणून पहिलं चक्र नेहमी सोडून द्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चक्रात हायड्रोजन बाहेर किती आला ते मोजा. आत गेला म्हणून दाखवलेला हायड्रोजन बाहेर येताना दिसत नसेल, तर त्याला साठवण म्हणता येत नाही.

‘स्पिलओव्हर’, म्हणजे धातूवर रेणू फुटून अणू कार्बनवर पसरतात, ही घटना उत्प्रेरकांच्या अभ्यासात पक्की आहे. वाद आहे तो त्यातून खोलीच्या तापमानाला कित्येक टक्के साठवण होते या दाव्याचा. २००० च्या दशकात असे दावे आले, आणि दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच नमुने करून मोजले तेव्हा मोठे आकडे टिकले नाहीत. पॅलेडियमचा खर्च बघता, तुमच्या कामात तो ठेवायचं खास कारण मला दिसत नाही. साधा कार्बन आणि पॅलेडियमवाला कार्बन एकाच पद्धतीने मोजा, फरक यंत्राच्या चुकीहून मोठा निघाला तरच पुढे जा.

कार्बनकडून अपेक्षा किती ठेवायची, याचा अंदाज मोजण्याआधीच करता येतो. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, शाहिन नियम चालतो: दर ५०० चौरस मीटरला सुमारे १ टक्का. तुमचं १,८०० म्हणजे साधारण ३.६ टक्के. खोलीच्या तापमानाला, १०० बारच्या आसपास, दर १,००० चौरस मीटरला फार तर पाव टक्का, म्हणजे तुमचा ०.४. वरच्या हिशेबात ०.३ निघाला होता, जुळतंय. कारण साधं आहे: कार्बनच्या भिंतीचं हायड्रोजनवरचं आकर्षण ४ ते ६ किलोज्यूल प्रति मोल, खोलीच्या तापमानाची हालचाल त्याला पुरून उरते. खोलीच्या तापमानाला काही बार ते तीस बारच्या दरम्यान भरून-रिकामं करायचं असेल तर सुमारे १५ किलोज्यूलचं आकर्षण लागतं. छिद्रं कितीही नॅनो केली तरी शुद्ध कार्बन तिथे पोचत नाही. म्हणून कार्बनवर खोलीच्या तापमानाला १ टक्क्याच्या वरचा कुठलाही आकडा दिसला, की मी आधी मापन तपासतो, मग मटेरियल.

या विषयाचा इतिहासही तेच सांगतो, आणि त्यातले अपघात बारकाईने बघण्यासारखे आहेत. १९९७ मध्ये एकपदरी कार्बन नॅनोट्यूबमध्ये ५ ते १० टक्के हायड्रोजन राहू शकेल असा अंदाज प्रसिद्ध झाला आणि जगभर या विषयात गर्दी उसळली. पुढे जर्मनीत हिर्शर यांच्या गटाने दाखवलं की अशा नमुन्यांवर अल्ट्रासाउंडचा प्रोब वापरताना त्या प्रोबच्या टोकाचा टायटॅनियम मिश्रधातू झिजून पावडरीत मिसळतो. हायड्रोजन धरत होता तो टायटॅनियम. १९९८ मध्ये ग्रॅफाइट नॅनोफायबरमध्ये ६७ टक्क्यांपर्यंतचा दावा आला, तो कोणालाच पुन्हा मिळाला नाही. १९९९ मध्ये लिथियम आणि पोटॅशियम घातलेल्या नॅनोट्यूबमध्ये १४ ते २० टक्के दिसले. वर्षभरातच कळलं की वजन वाढलं ते हायड्रोजनमधल्या ओलीमुळे, क्षारधातूंनी पाणी धरलं होतं. तिन्ही कामं नामांकित नियतकालिकांत आली होती. तुमच्याकडे पोटॅशियमचे अवशेष आहेत, पावसाळ्याची हवा आहे, आणि पॅलेडियम पसरवायला प्रोब वापरला असेल तर टायटॅनियमही आहे. प्रोबऐवजी अल्ट्रासॉनिक बाथ वापरा. वायू ९९.९९९ टक्के शुद्धतेचा घ्या आणि सिलिंडरनंतर ओल धरणाऱ्या आण्विक चाळणीचा ट्रॅप लावा.

आता यंत्रात काय बदलायचं. सर्वांत मोठी सुधारणा फुकट आहे: सॅम्पल वाढवा. ०.४ घनतेने बसलेली २०० मिलिग्रॅम पावडर अर्धा मिलिलिटर जागा घेते. १० मिलिलिटरच्या सेलमध्ये पंच्याण्णव टक्के जागा मोकळी पडलीये. सेल भरून ४ ग्रॅम घाला. ०.३५ टक्क्याने १४ मिलिग्रॅम हायड्रोजन जाईल आणि दाबाची खूण ०.३ बारवरून सहा-सात बारवर जाईल. गेज तोच, चूक तीच, पण आता ती खुणेच्या वीसाव्या हिश्शात येते. ४ ग्रॅम कार्बन तयार करणं जड जात असेल (सक्रिय करताना निम्म्याहून जास्त जळतं), तर सेल १ मिलिलिटरचा आणि मॅनिफोल्ड त्याच्या दोन-तीन पट करा, नाहीतर सेलच्या उरलेल्या जागेत घट्ट बसणारा स्टीलचा दांडा टाका. पावडर पाइपात उडू नये म्हणून सेलच्या तोंडाशी २ मायक्रॉनचा सिंटर्ड फिल्टर हवाच.

दाब एका झटक्यात १०० ला नेऊ नका. १०, २०, ४०, ६०, ८०, १०० अशा पायऱ्या करा. एक सावधान: प्रत्येक पायरीची चूक पुढच्या पायरीत मिळवली जाते, म्हणून वीस-पंचवीस पायऱ्या करून गुळगुळीत आलेख काढण्यात अर्थ नाही, सहा-सात पुरेत. वर जातानाचा आणि खाली येतानाचा आलेख एकावर एक बसला पाहिजे. बसला नाही तर लीक किंवा तापमान.

मग दोन कसोट्या, दोन्ही सॅम्पलच्या आधी. पहिली ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायची मोजणी: सॅम्पलच्या सांगाड्याएवढ्या आकारमानाचा स्टीलचा तुकडा किंवा काचेचे मणी घालून पूर्ण पायऱ्या. ब्लँकचं उत्तर शून्य येत नाही, कधीच येत नाही. ते जेवढं येतं, उणे किंवा अधिक, तेवढी तुमच्या यंत्राची खरी चूक. दुसरी कसोटी माहीत असलेल्या मटेरियलची: लँथॅनम-निकेल मिश्रधातू, ज्यात एका लँथॅनममागे पाच निकेल असतात. तो खोलीच्या तापमानाला जवळपास १.४ टक्के हायड्रोजन घेतो आणि २ बारच्या आसपास आलेखात सपाट भाग दाखवतो. पहिल्यांदा तो सुस्त असतो, २०-३० बारला चार-पाच चक्रं देऊन जागा करावा लागतो. त्याला १.४ च्या जागी १.८ आले तर कार्बन मोजायची घाई करू नका.

पेपरमध्ये आकडा लिहिताना तो ‘जादा’ अधिशोषणाचा आहे की एकूण साठ्याचा, हे स्पष्ट लिहा. सीव्हर्ट्सवर जे निघतं ते जादा: छिद्रांत नुसता वायू असता त्यापेक्षा किती अधिक. छिद्रांतला साधा वायूही मिळवून एकूण आकडा फुगवता येतो, आणि परीक्षक तो लगेच पकडतात.

टाकीचा प्रश्न. इथे आकारमान बघावं लागतं, आणि कार्बन पावडर हलकी आहे. १ लिटरच्या रिकाम्या टाकीत २५ अंशांना १०० बारला ७.७ ग्रॅम हायड्रोजन मावतो. तीच टाकी तुमच्या कार्बनने भरा: ४०० ग्रॅम कार्बन, त्याच्या सांगाड्याने ०.२ लिटर अडवले, उरलेल्या ०.८ लिटरमध्ये ६.१ ग्रॅम वायू, वर ०.३५ टक्क्याने १.४ ग्रॅम. एकूण ७.५. कार्बन घालून टाकीत हायड्रोजन कमीच झाला. हा हिशेब मी प्रत्येक नव्या मटेरियलसाठी आधी करतो, तुम्हीही करा. त्याच कार्बनला ७७ केल्विन आणि ४० बारला नेलं तर चित्र पालटतं: रिकामी टाकी साडेबारा ग्रॅम, कार्बनवाली चोवीस ग्रॅमच्या आसपास. जवळपास दुप्पट. म्हणजे हे मटेरियल गार टाकीसाठी आहे, आणि मग इन्सुलेशन आणि द्रव नायट्रोजनचा खर्च धरावा लागतो. तुलनेसाठी, आजच्या गाड्यांतली ७०० बारची टाकी लिटरला ४० ग्रॅमच्या जवळ वायू धरते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं २०२५ चं लक्ष्य वजनाच्या ५.५ टक्के आणि लिटरला ४० ग्रॅम होतं, तेही टाकी, व्हॉल्व्ह, सगळी यंत्रणा धरून, नुसत्या पावडरीचं नव्हे.

म्हणून माझा सल्ला: कार्बन सोडू नका, तापमान बदला. ७७ केल्विनला तुमची खूण दहापट मोठी असते. सेल द्रव नायट्रोजनच्या ड्युअरमध्ये (थर्मासासारख्या भांड्यात) बुडवायचा, आणि पातळी पूर्ण मोजणीभर एकाच खुणेवर ठेवायची, कारण पातळी एक सेंटिमीटर खाली गेली की सेलच्या गळ्याचा तेवढा भाग गरम होतो आणि तिथला वायू विरळ होतो. हेलियमचं मापन त्याच पातळीला, ७७ केल्विनलाच. करवंटीच्या कार्बनची छिद्रं ०.७ नॅनोमीटरच्या आसपास जमवता आली तर कमी दाबालाही हायड्रोजन चांगला धरला जातो. तिथे हायड्रॉक्साइडचं प्रमाण (कोळशाच्या २ ते ४ पट) आणि तापमान (७०० ते ८०० अंश) बदलून छिद्रांची रुंदी कशी हलते, हे दाखवलं तर तो प्रामाणिक आणि छापण्याजोगा पेपर होतो.

हायड्राइडकडे, म्हणजे धातू आणि हायड्रोजनच्या संयुगांकडे, वळण्याचा मोह होईल. मॅग्नेशियम हायड्राइड ७.६ टक्के देतो, बॉल मिलमध्ये नायोबियम ऑक्साइडसारखा उत्प्रेरक घालून दळला की ३०० अंशांना मिनिटांत भरतो. पण नॅनोकरणाने वेग सुधारतो, बांधणीची ऊर्जा फारशी हलत नाही. ती हलायला कण दोनेक नॅनोमीटरच्या आत यावे लागतात आणि चक्रांमध्ये ते पुन्हा चिकटून मोठे होतात. मोलमागे ७५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ५ किलो हायड्रोजन पाच मिनिटांत भरायचा तर सहाशे किलोवॉटच्या वर उष्णता काढावी लागेल. ग्लोव्हबॉक्स (हवा नसलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) नसेल तर यात पडू नका, हवेत ही पावडर ऑक्साइड होते, बारीक दळलेली असेल तर पेटते.

पेटण्यावरून: पॅलेडियमवाला कार्बन हायड्रोजनमधून थेट हवेत काढू नका, तो तापतो आणि धुमसतो. आधी व्हॅक्यूम, मग नायट्रोजन किंवा आर्गॉन, मग हवा थोडी थोडी. यंत्रावर रिलीफ व्हॉल्व्ह हवा, त्याची नळी आणि व्हॅक्यूम पंपाचा एक्झॉस्ट दोन्ही खोलीबाहेर. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेटू शकतो आणि त्याला ठिणगीही जेमतेम लागते. १५५ बारला वापरलेली प्रत्येक नळी आणि सांधा किती दाबाचा आहे ते नोंदवहीत लिहून ठेवा. गावात मिळणारं पितळी फिटिंग या कामाला नको.

सरांशी बोलताना ‘आकडा चुकलाय’ असं म्हणत सुरुवात करू नका. रिकाम्या सेलचा आलेख आणि सॅम्पलचा आलेख एकाच कागदावर काढून समोर ठेवा, जुन्या एक्सेलने आणि नव्या एक्सेलने. इथे पुन्हा लिहाल तेव्हा एवढं द्या: गेज ए की जी, ब्लँकच्या सगळ्या पायऱ्यांचे दाब, त्या वेळचं मॅनिफोल्ड आणि सेलचं तापमान, आणि डीगॅस केल्यानंतरचं सॅम्पलचं वजन. तेवढ्यावर चूक ०.१ टक्क्याच्या आत आणता येते का ते सांगता येईल.